दुसरीच्या तोंडी माझा आवाज

तुम्हा दोघांना मराठी वाचायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. तरी हे मराठीतच लिहिते आहे. जिच्याबद्दल लिहायचं आहे तिच्याशी मला सबंध हिवाळा इंग्रजीत बोलावं लागलं, आणि इंग्रजीत मी फार सभ्य असते. शाळेत नन्सनी ते इतकं घोटून घेतलं की आजही मला कुणाला इंग्रजीत धड खडसावता येत नाही. मराठीत ती अडचण नाही.

ती स्पेनची नटी होती. सिनेमा, रंगभूमी, टीव्ही, तिन्हीकडे नाव मिळवलेली. मला ती आवडली नाही. तुमची आई फोनवर म्हणते की वय झालं की माणसानं सोडून द्यायला शिकावं. वय तर तिचंही झालं होतं. तिनं काहीही सोडलं नाही.

आधी माझं काय पणाला लागलं होतं ते सांगते. तुमचे आजोबा नोकरीला कुवेतला आले तेव्हापासून मी इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक नाटकाला प्रॉम्प्टर होते. शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई, उच्चार स्वच्छ, पान कधी चुकवणार नाही आणि स्वतः स्टेजवर जायचा हट्टही धरणार नाही, असा सगळ्यांचा समज. शेवटचं खरं नव्हतं, पण मला कुणी विचारलं नाही. विंगेत स्टुलावर बसून मी दुसऱ्यांना वाक्यं पुरवली. टाळ्या पडायच्या तेव्हा माझ्यासमोर पडद्याची मागची बाजू असायची, अस्तराची.

आजोबा गेल्यावर मी तुमच्या मामाच्या इकाम्यावर, म्हणजे त्याच्या रहिवासी परवान्यावर, त्याच्याकडे फिंतासला राहू लागले. गेल्या वर्षी कळलं की तो इकामा आता पुढे वाढणार नाही. उन्हाळ्याआधी पुण्याला परत जायचं. म्हणजे मंडळाचं येतं नाटक माझं शेवटचं.

मंडळाचा अध्यक्ष नाशिकचा आहे, तेलशुद्धीकरणात इंजिनिअर. नाटक त्यानंच लिहिलं होतं आणि बसवणारही तोच. कोकणातल्या गावातली एक निवृत्त मुख्याध्यापिका. तिनं कुठे राहायचं हे ठरवायला तिचे दोन मुलगे परदेशातून येतात. ते भांडतात, ती घरकाम करत राहते, मोजकंच बोलते, आणि शेवटी एक मोठं भाषण करून सांगते की मी तुमच्यापैकी कुणाकडेच येणार नाही. अध्यक्ष घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "काकू, ही बाई तुमच्यासाठीच लिहिली आहे."

"आणि प्रॉम्प्टिंग कोण करणार?"

"ते बघू हो. तुम्ही एकदा लाइटमध्ये या."

तो गेल्यावर मी त्याची कपबशी दोनदा धुतली.

नाटक पंधरा दिवसांत पाठ झालं. तालमी आमच्याच इमारतीच्या तळघरात होत. इथे तळघराला सरदाब म्हणतात. शुक्रवारी सकाळी सगळे जमत, सतरंजी घालत, कुणी पोहे आणत असे. मला उभं कुठे राहायचं ते शिकावं लागत होतं, कारण माझी सवय बसण्याची. पण बोलण्यात चूक काढायला कुणाला जागा नव्हती.

मग ती आली. तिचा जावई तुमच्या मामाच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, मंडळातल्या निम्म्या पुरुषांचा साहेब. मुलगी-जावई बनेद अल-गारला समुद्रासमोरच्या उंच इमारतीत राहत, आणि ती त्यांच्याकडे राहायला आलेली. साहेबांची सासू मोठी नटी आहे हे अध्यक्षाला ऑफिसात कळलं, आणि त्यानं मोठ्या हौसेनं तिला तालीम बघायला बोलावलं.

काळी विजार, पांढरे आखूड केस, दागिना एकही नाही. आवाज असा की लाकडावर कानस घासावी. ती खुर्चीवर बसली आणि पोह्यांची बशी तिनं न बघता शेजारच्याच्या मांडीवर ठेवली. मी शेवटचं भाषण केलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं वाजवल्या नाहीत.

"तुम्ही टीचर होता का?" तिनं विचारलं. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत होत असे.

"होते."

"दिसतं ते. तुम्ही बोलता तेव्हा मला पुस्तक दिसतं. बाई दिसत नाही."

"तुम्हाला मराठी कळत नाही."

"म्हणूनच तर दिसतं."

मग उठली, मला हातानं बाजूला केलं, खरोखर हातानं, सामान हलवतात तसं, आणि माझ्या जागेवर जाऊन जमिनीवर बसली. फक्त बसली. आधी एक हात गुडघ्यावर, मग दुसरा जमिनीवर, मग मध्येच थांबणं, आणि मग अंग खाली सोडणं. थोरल्या मुलाचं काम करणारा आमचा एसी मेकॅनिक, देवगडकडचा, मोठ्यानं म्हणाला, "अरे, ही तर माझी आयेच बसली!"

सगळे हसले. अध्यक्ष हसला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोक्यात काहीतरी चाललंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दोन दिवसांनी तो खजुराचा डबा घेऊन घरी आला. मामा आणि मामी दोघंही घरी होते.

"काकू, रागावू नका."

"तू अजून काही बोललाच नाहीस."

"मॅडम तयार आहेत."

"कशाला?"

"आपल्या नाटकाला. आईचं काम करायला."

"मराठीत?"

"तिथंच तर तुम्ही! तुम्ही विंगेतून माइकवर बोलायचं, मॅडम स्टेजवर ओठ हलवणार. प्लेबॅक, काकू. आपल्याकडे गाण्यात नाही का देत?"

"गाणं पाच मिनिटांत संपतं. हे दीड तासाचं नाटक आहे."

"सगळ्या गल्फमध्ये असं कुणी केलं नसेल."

"कुणी केलं नसेल तर त्याला काही कारण असेल."

त्यानं डबा टेबलावर जरा पुढे सरकवला. म्हणाला, तुमच्या आवाजाशिवाय हे होणारच नाही. मी म्हटलं, माझ्या आवाजाबरोबर मीही येते, तशी पद्धत आहे. त्यावर त्यानं मामाकडे बघितलं.

मामा म्हणाला, "आई, जरा सांभाळून घे. साहेबांच्या सासूबाई आहेत."

"आणि मी तुझी आई आहे."

"हो, पण माझं अप्रेझल तू करत नाहीस ना."

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला विचाराल तर आई, सरळ नाही म्हणा." मामानं तिकडे डोळे वटारले. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरी कुणी बोलणारी शोधली असती, आणि त्या नाटकात माझा आवाजही उरला नसता. हिशोब इतका साधा होता. मोठेपणा वगैरे काही नाही.

पुढचे सगळे शुक्रवार आम्ही भांडलो. ती स्टेज समजलेल्या सतरंजीवर, मी कडेला माइक घेऊन. ती मराठी शिकायच्या भानगडीत पडलीच नाही. प्रत्येक वाक्य साधारण किती लांब आहे एवढं लक्षात ठेवायची आणि तेवढा वेळ स्पॅनिशमध्ये आकडे म्हणायची, आवाज न काढता. पहिल्या रांगेतल्या माणसाला नीट बघितलं तर कळावं की ही आई मुलांना रागावत नाही, एक-दोन-तीन मोजते आहे. मी हे अध्यक्षाला सांगितलं. तो म्हणाला, "काकू, पहिल्या रांगेत साहेब लोक. त्यांना कुठे मराठी येतं?"

मी वाक्य वेळेवर संपवलं की तिचं तोंड उघडंच राही. मी तिच्यासाठी थांबले की ती आधीच संपवून माझ्याकडे बघत बसे, गाडी चुकल्यासारखी.

"टीचर, तुम्ही वाक्याच्या शेवटी दार लावता. कशाला लावता? मला अजून आत जायचं असतं."

"वाक्य संपलं की संपतं, मॅडम. तिथे पूर्णविराम आहे."

"माणसाच्या तोंडात पूर्णविराम नसतो."

"तुमच्या तोंडात तर वाक्यही नसतं. आकडे असतात."

इतकं मी इंग्रजीत कुणाला प्रथमच बोलले. ती खूश झाली. तिला भांडण आवडायचं. अंगात ऊब यायची तिच्या.

तिची कारकीर्द मला या भांडणांतूनच कळली, तुकड्यातुकड्यांनी, आणि प्रत्येक तुकडा मला गप्प करायला फेकलेला. क्रम तिला माहीतच नव्हता. मी तो लावून देते.

स्पेनच्या मधल्या कोरड्या भागातल्या गावात तिचा जन्म. फिरत्या नाटक कंपनीबरोबर ती पोरवयातच निघाली, आधी पेट्या सांभाळायला, मग स्टेजवर ट्रे घेऊन येणाऱ्या मोलकरणींची कामं करायला. चेहरा असा होता की दिवा पडला की बाकीचे दिसेनासे होत. हे ती स्वतः सांगायची, हवामान सांगावं तशी. कुणीतरी सिनेमात नेलं. पहिल्या सिनेमाचा निर्माता तिचा आवाज ऐकून म्हणाला की या पोरीच्या घशात सुतार बसलाय. त्या काळी तिकडे चित्रण आधी करत आणि आवाज नंतर स्टुडिओत भरत. मग काय, चेहरा हिचा आणि आवाज दुसरीचा. एक बाई अंधाऱ्या खोलीत बसून पडद्यावर बघत बघत हिची वाक्यं बोलायची. एका सिनेमात नव्हे, सगळ्या सिनेमांत. स्पेनभर लोक त्या मधाळ आवाजावर भाळले. हिला पत्रं यायची, तुमचा आवाज ऐकला की झोप लागत नाही. ती पत्रं ही उशी भरायला वापरायची म्हणे. खरं असेलही.

चित्रणाच्या वेळी शब्दांना काही अर्थच नसल्यानं ही वाटेल ते बोले. भाज्यांची नावं, आकडे. नायक पुढ्यात गुडघे टेकून बसलेला असे, आणि ही डोळ्यांत पाणी आणून त्याला सांगे की तुझ्या अंगाला घामाचा वास येतो. पडद्यावर त्याचं प्रेम व्हायचं.

तिशी उलटल्यावर तिनं सिनेमा सोडला आणि स्वतःच्या आवाजात बोलायला नाटकात परत गेली. पहिल्या रात्री तिनं तोंड उघडलं आणि प्रेक्षक हसले. वरच्या सज्ज्यातून एकानं ओरडून विचारलं, दुसरीला कुठे ठेवून आलीस? त्यानंतर कितीतरी वर्षं तिला शेतकरणी, तुरुंगाच्या पहारेकरणी, पोरांना मारणाऱ्या आया अशीच कामं मिळाली. तिनं ती सगळी केली. हळूहळू लोक तो खरखरीत आवाज ऐकायला म्हणून येऊ लागले. पुढे टीव्ही आला. एका लांबलचक मालिकेत ती खानावळीची मालकीण झाली आणि घराघरांत शिरली. भाजीवाल्या पिशवीत दोन कांदे वर टाकायच्या. मग मालिकेचे लेखक बदलले, तरुण आले, आणि त्यांनी मालकिणीला बहिणीकडे चार दिवस पाठवलं. ती परत आलीच नाही.

"मारलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "मारलं असतं तर एक बरा प्रसंग तरी मिळाला असता."

"इतकं सोसलंत," मी विचारलं, "मग पुन्हा दुसरीच्या आवाजात का उभ्या राहता?"

"कारण कुणीतरी विचारलं. किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

यावर मला तिची दया यायला हवी होती. मी थोडा वेळ वाट पाहिली. आली नाही. मलाही कुणीतरी प्रथमच विचारलं होतं, आणि ती जागा हिनं घेतली होती.

मामीनं एका दुपारी तिचा एक जुना सिनेमा कॉम्प्युटरवर शोधून मोठ्या टीव्हीवर लावून दिला. मान्य करते, सुंदर होती. पण थोड्या वेळानं मी डोळे मिटले. मला दुसरी ऐकायची होती. काय आवाज होता तो! कुठे घाई नाही, कुठे लाडिकपणा नाही, वाक्य उचलायची आणि खाली ठेवायची. हिचं तोंड जिथे अर्धवट उघडं राहिलं असेल तिथे त्या बाईनं एक उसासा भरला होता, आणि तिथे तो उसासाच हवा होता असं वाटत होतं. सिनेमा संपल्यावर नावं आली. मामीनं थांबवून थांबवून दाखवली. केशभूषेचं नाव होतं, घोड्याच्या मालकाचं होतं. तिचं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी सगळे यायच्या आधी आम्ही दोघी सरदाबात होतो. ती आरशासमोर सुती पातळाच्या निऱ्या घालत होती. मदत मागितली नव्हती, मी केली नाही.

"तिचं नाव काय होतं?"

"कुणाचं?"

"तुमच्या आवाजाचं."

तिचे हात थांबले. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मुलाखती घ्यायला यायचे ते सगळे विचारायचे. आता तुम्हाला सांगू?"

"का नाही सांगत?"

"सांगितलं असतं तर लोक तिला शोधायला गेले असते. मग माझ्याकडे काय राहिलं असतं? तोंड?"

"तिचा हक्क होता."

"तिला पगार होता."

"मला तोही नाही."

"मग तुम्ही तिच्याहून मूर्ख आहात, टीचर," ती म्हणाली आणि निऱ्या खोचल्या. वाकड्या खोचल्या.

त्याच दिवशी मी अध्यक्षाला बाजूला घेतलं. माझं मागणं एकच होतं. प्रयोग संपल्यावर माझं नाव घेऊन मला स्टेजवर बोलवायचं. इतक्या वर्षांत एकदा. तो दाढी खाजवू लागला.

"काकू, मॅडम नको म्हणतात. इल्युजन जातं म्हणे."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी पत्रिकेत घालतो ना तुमचं नाव. ध्वनी साहाय्यात."

"ध्वनी साहाय्य? मी लाउडस्पीकर आहे का रे?"

"तसं नाही हो काकू, मोठ्या मनानं..."

मोठ्या मनाचं पुढचं मी ऐकलं नाही. ज्यांना आपण काही देणार नसतो त्यांच्याकडेच आपण मोठं मन मागतो, हे तुम्ही पुढे नोकरीला लागलात की लक्षात ठेवा.

प्रयोगाच्या दिवशी शाळेचं सभागृह भरलं. बाहेर धूळ होती, सगळ्या बायका साड्या झटकत आत येत होत्या. पहिल्या रांगेत साहेब मंडळी, त्यांच्यासाठी शर्कच्या एका हॉटेलातून जेवण सांगितलेलं. मी तिच्यासारखंच सुती पातळ नेसले, त्याच रंगाचं. मामी म्हणाली, "आई, विंगेत कोण बघणार आहे?" मी म्हटलं, मी बघणार आहे. तू हे सगळं ठरवून केलंस का, असं मामानं मला नंतर विचारलं. पातळ ठरवून नेसले होते. बाकीचं ठरवलं नव्हतं.

नाटक चांगलं चाललं. चांगलं चाललं होतं हे मला लिहावंच लागेल. ती खाली बसली तेव्हा सभागृहात कुणीतरी "अगं आई गं" म्हणालं. मी वाक्य न् वाक्य तिच्या तोंडात नेमकं बसवत होते. विंगेच्या पडद्यापलीकडे, माझ्या स्टुलापासून हाताच्या अंतरावर, प्रेक्षकांची कडेची रांग होती, ती मला फटीतून दिसायची. तिथे एक तरुण आई आपल्या मुलीला घेऊन बसली होती. मुलगी तुमच्याएवढी असेल, मोबाइलवर काहीतरी बघत होती.

"बघ जरा तिकडे," आई तिला म्हणाली. "ती आजी स्पेनची आहे. स्पेनची! किती शुद्ध मराठी बोलते बघ. आणि तू? इतकं सांगते तरी 'व्हॉट' म्हणतेस."

"शी इज नॉट इव्हन फ्रॉम इंडिया?"

"तेच तर! कुठली कोण बाई, आपल्यासाठी भाषा शिकली. लाज वाटू दे."

मागच्या रांगेतून एक गृहस्थ वाकून म्हणाले, "अहो, उच्चार बघा ना. आपल्या पुण्यात आता असं ऐकायला मिळत नाही."

मी ज्या भाषेत लहानाची मोठी झाले, जी परक्या गावात इतकी वर्षं घासूनपुसून ठेवली, ती आता स्पेनची झाली होती. आणि तिच्यावरून एका पोरीला लाजवलं जात होतं. पुढे शेवटचं भाषण होतं. मी माइक घेतला, वायर सोडवली आणि स्टेजवर गेले.

भाषणाचं पहिलं वाक्य बोलतच गेले. दोन्ही मुलगे माझ्याकडे बघत राहिले. मेकॅनिकच्या तोंडून "काकू?" निघालं, ते माइकमध्ये आलं. तिचं तोंड कुठल्यातरी आकड्यावर उघडं होतं. ते तिनं मिटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या नितळ तिरस्कारानं माझ्याकडे आयुष्यात कुणी पाहिलेलं नाही. मी मान वर केली. लाइट डोळ्यांत जात होता, समोर नुसता काळोख. मला फार बरं वाटलं. मी बोलत होते, आणि लोकांना मी दिसत होते.

फार वेळ नाही. मागे दोरीवर कपडे वाळत घातले होते, सेटचा भाग म्हणून. ती तिथे गेली आणि एक मोठी चादर काढून घडी घालू लागली. एकटी. मधला भाग हनुवटीखाली धरायचा, हात दोन्ही बाजूंना ताणायचे, तरी खालची कड जमिनीला लागतेच. ती उचलायला वाकायचं की वरची सुटते. पुन्हा धरायची. काळोखातल्या माना माझ्यावरून तिच्याकडे वळल्या, ते मला दिसलं नाही, पण कळलं. मी मोठ्यानं बोलू लागले. उपयोग झाला नाही. मी सांगत होते की मी एकटी राहीन, आणि लोक बघत होते एकटी राहणं म्हणजे काय ते.

मग तिनं चादरीचं एक टोक माझ्याकडे धरलं. आणि थांबली.

किती बेरकी बाई! घेतलं तर मी तिची मदतनीस. नाही घेतलं तर सगळ्या सभागृहासमोर मी एका म्हातारीला चादर धरून उभी ठेवणार. मी बोलत राहिले. ती धरून राहिली. शेवटी मी माइक मेकॅनिकच्या हातात दिला, त्यानं तो माझ्या तोंडापुढे धरला, आणि मी टोक घेतलं.

चादरीची घडी घालताना पुढे जावं लागतं, मागे यावं लागतं. वाक्यं तुटली. जिथे थांबायचं नव्हतं तिथे मी थांबले. ती कोपरे भलतीकडे जुळवत होती, टोकाला टोक नाही, नुसतं गुंडाळणं. मला ते बघवेना. मी माइकपासून तोंड वळवून हलक्या आवाजात म्हटलं, "कॉर्नर्स!"

"तुम्ही बोला," ती पुटपुटली.

मी तिच्या हातातून कोपरे सोडवून घेतले आणि नीट जुळवले. लोक सांगतात की तिथे अनेकांना रडू आलं, भाषणाचा तो भाग फारच चांगला झाला. मला माहीत नाही. मी कोपरे जुळवत होते.

पडदा पडला आणि पुन्हा उघडला तेव्हा लोक उभे होते. अध्यक्षानं घाईघाईनं तिचं नाव घेतलं, आणि मग, दुसरा मार्गच नव्हता म्हणून, माझंही. माझ्या मागे मुलगे, बाजूला ती. तिनं माझा हात धरला. हात कोरडा आणि घट्ट होता. क्षणभर मला वाटलं, काय वाटलं ते राहू दे. तिनं मला एक पाऊल मागे ओढलं. मी तिच्या पुढे उभी राहिले होते.

मी हात सोडवून घेतला आणि पुन्हा एक पाऊल पुढे आले.